हवेलीतला खलाशी

रत्नागिरी,
कार्तिक, १९८७

प्रिय वयनी,

पाकिटावर तुझ्या नावाआधी काहीच लिहिलेलं नाही, ते विसरलो म्हणून नव्हे. पुस्तकं पाठवताना दर वेळी ‘सौ.’ लिहीत आलो. आज हात तिथे गेला आणि थांबला. का, ते पुढे येईलच. आधी आईच्या कमरेचं कळव. पडल्यापासून तिला कूस बदलायलाही माणूस लागतं आणि ते माणूस तूच आहेस. माझं आपलं तेलाची बाटली एसटीने पाठवून दिली की कर्तव्य संपलं.

इथे सगळं ठीक. कोर्टात टायपिंगचा ढीग आहे, मान वर करायला फुरसत नाही. तुझ्या जावेचा, राहीचा खोकला गेला. शेजारच्या गोदूबाई परवा विचारत होत्या, ‘तुमची भुताची पुस्तकं वाचणारी वयनी कशी हाय?’ मी म्हटलं, मजेत. कोणत्या तोंडाने बोललो, देव जाणे.

तुला आठवतं, पहिलं पुस्तक आलं तेव्हा मी केवढा हुरळलो होतो? ‘हवेली नंबर सत्रह’ ही भुताखेतांची मालिका दिल्लीहून हिंदीतून लागायची आणि गिरगावातल्या एका प्रकाशकाला तिच्यावरून मराठी कादंबऱ्या हव्या होत्या. गोदूबाईंच्या घरी पोराटोरांत मांडी घालून मालिका बघायची, घरी येऊन तीच गोष्ट फुगवून मशीनवर उतरवायची. दिवाळी अंकात माझ्या दोन-तीन भयकथा आल्या होत्या, त्यात मी टंकलेखक, म्हणून मला धरलं. मुखपृष्ठावर नटाचा मोठा फोटो, माझं नाव मुंगीएवढं. तरी शिपायापासून वकिलांपर्यंत सगळ्यांच्या नाकासमोर ते पुस्तक नाचवलं. वाडीत टीव्ही नाही, तेव्हा तुला आणि आईला ही मालिका माझ्या पुस्तकांतूनच कळायची.

तिसऱ्या पुस्तकात तो बुडालेला खलाशी आला. मालिकेत काय होतं सांगू? एका रात्री तो हवेलीचं दार ठोठावतो, बायको दार उघडते, बाहेर नुसतं पाणी. बस्स. पुन्हा त्याचं नावसुद्धा नाही. पण मी मशीनवर बसलो आणि तो खलाशी हरिदादासारखा चालायला लागला. मी ठरवून केलं नाही गो. तुझा नवरा होण्याआधी तो माझा भाऊ होता, त्याला समुद्राने नेलं तेव्हा माझंही काही गेलं होतं. मी त्याला पायरीवर चपला आपटायला लावल्या, तीनदा, वाळू असो नसो. हाक मारण्याऐवजी खाकरायला लावलं. पेजेच्या वाडग्यात बोटाने मीठ ढवळून बोट चोखायला लावलं, आई ओरडायची तसं. लिहिताना हसलो, मग रडलो, आणि तसंच छापायला धाडलं.

आणि तुझं कार्ड आलं. ‘भावजी, हे चपला आपटणं टीव्हीवर पण दाखवलं काय?’

वयनी, तिथे मी ‘नाही’ लिहायला हवं होतं. एवढंच. नाही गो, ते मी माझ्या मनाचं घातलं. पण मला वाटलं, तू हसशील, तुला बरं वाटेल, आणि मी लिहून टाकलं, ‘हो, दाखवलं.’ मग तुझं पुढचं पत्र आलं. दिल्लीच्या माणसांना आपल्या घराची पायरी कशी ठाऊक, ह्यांनीच काहीतरी कळवलंय, असं तू लिहिलं होतंस. देवळात जाऊन गुरवाकडून कौल लावलास आणि उजवा कौल झाला, देवाने हो म्हटलं, तेही लिहिलं होतंस. देव खोटं बोलला नाही. मी बोललो होतो, आणि तू देवाला माझ्या खोट्यावरून विचारलंस.

बोटीच्या कंपनीचं पत्र आलं तेव्हा सगळी वाडी रडत होती आणि तू एकटी ताठ उभी राहून म्हणाली होतीस, ‘मेला असं कुठं लिवलंय? सापडला नाय, एवढंच लिवलंय.’ वादळात तो बोटीवरून पडताना दोघांनी डोळ्यांनी बघितलं होतं. ते दोघे घरी येऊन सांगून गेले, तरी तू मानलं नाहीस. पण पुढे हळूहळू मानायला लागली होतीस ना? आईने सांगितलं होतं मला, त्याचे शर्ट तू बोहारणीला द्यायला काढले होतेस म्हणून. माझ्या पुस्तकानंतर ते पुन्हा पेटीत गेले.

पुढच्या पुस्तकात खलाशाला घालायचं काही कारण नव्हतं. पण तू वाट बघत होतीस, घातला. प्रकाशक खूश, वाचकांची पत्रं येतात म्हणे, खलाशी चालू ठेवा. मालिका तर गणपतीच्या आधीच संपली गो! हे तुला मी सांगितलं नाही. आता जे छापून येतं ते सगळं माझ्या डोक्यातलं. सहाव्या पुस्तकाच्या शेवटी मी त्याला घराच्या अंगणात आणून उभा केला आणि तुला वाटलं, आता तो आत येणार.

इथवर वाचून तू म्हणशील, केरूभावजी वेडा, भावाच्या मायेने बहकला. तसं म्हणून सोडू नकोस मला. पुढे आणखी आहे.

शिमग्यानंतर एक माणूस मला भेटायला कोर्टात आला होता. महिपत. लोटे गावच्या केमिकलच्या कारखान्यात तुझ्या भावाबरोबर पाळीवर असतो. तुझ्या भावाने तुला त्याच्याबद्दल विचारलं होतं आणि तू नको म्हणालीस, तोच. रातपाळी करून तसाच निघालेला, शर्टाला केमिकलने पडलेली भोकं, चिंचेखाली माझी जेवणाची सुट्टी होईपर्यंत उभा. बायको वारून बरीच वर्षं झालीयत म्हणाला. ‘तुळसाबाईंच्या मनात नसंल तर नको. पण सासरचा होकार असंल तर पाट लावायचा विचार हाय. त्यांनाच परत विचारून बगा.’ सरळ माणूस, वयनी. बोलताना मान खाली घालत नव्हता आणि आवाजही चढवत नव्हता.

मी तुला विचारलंच नाही. त्याला म्हटलं, वयनी दादाची वाट बघते, आम्ही मधे पडणारे कोण? तो म्हणाला, ‘बरं तर. मी पण थांबतो मग.’ चहाही न घेता गेला. आणि मी घरी येऊन चौथं पुस्तक पुरं करायला बसलो आणि त्यात खलाशाच्या तोंडी घातलं, ‘मी येईन, दार लावू नकोस.’ ते वाक्य मायेचं नव्हतं. ते मी तुला दारात बांधून ठेवायला लिहिलं.

का? कारण तू गेलीस तर आई माझ्याकडे येणार. दोन खोल्या, राहीच्या कपाळावर आठ्या, आणि आईचं भांडं कोण उचलणार? आईच्या सख्ख्या मुलाला ते जड झालं, म्हणून दुसऱ्याच्या लेकीला त्याने भुताच्या आशेवर अडकवून ठेवलं. लोक मला लेखक म्हणतात. थुंक माझ्यावर.

काल तुझं पत्र आलं. सोमवारी पहिल्या गाडीने येतेस, गोदूबाईंच्या टीव्हीवर एकदा ‘ह्यांना’ बघून जाते, तोवर आईकडे शेजारच्या मथुरेला बसवते. त्यांचा निळा शर्ट धुऊन घडी करून ठेवलाय, असंही लिहिलंस. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू? तू त्या काचेसमोर जमिनीवर बसणार, आणि तिथे बातम्या चालू असणार. ते मला बघवलं नसतं. म्हणून लिहायला बसलो, शहाणपण सुचलं म्हणून नव्हे. वयनी, सोमवारी येऊ नकोस. तो टीव्हीवर नाही. कुठेच नाही गो. सातवं पुस्तक मी लिहिणार नाही, प्रकाशकाला कळवलं. राहीला रात्री सगळं सांगितलं. तिने उठून पुढच्या खोलीतली माझी मशीन उचलून कोपऱ्यात ठेवली आणि आईची खाट कुठे लागेल ते बघायला लागली. महिपतला चिठ्ठी पाठवलीय, आमच्याकडून अडकाठी नाही, वयनी काय म्हणेल ते खरं. त्याला हो म्हण, नाही म्हण, नाहीतर आम्हा सगळ्यांना शिव्या देऊन माहेरी जा. आईसाठी थांबायचं नाही. मी रविवारी जीप घेऊन तिला न्यायला येतोय. एकच सांगायचं राहिलं. दादाच्या मागून चालून चालून चपला आपटायची खोड मलाही लागलीय, कितीही ठरवलं तरी पायरीशी आल्यावर पाय ऐकत नाहीत. रविवारी दुपारी पायरीवर तसा आवाज आला तर धावत बाहेर येऊ नकोस. तो मी असेन. नुसता मीच असेन.

तुझाच अपराधी दीर,
केरू