दुपारचे भूकंप

३ एप्रिल, सकाळ
आजपासून रोजनिशी. मला अक्षर येत नाही. फोनचं बटण दाबून मी बोलते, लिहितो फोन. वाचणारं कुणी नाही. मीही नाही. तेव्हा खोटं बोलायचं कारणच नाही.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर उतरली तरच या महिनाअखेरीला मोतीबिंदू काढू. वजनही उतरवा म्हणे. नात (घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात) मे महिन्यात कॉलेजच्या स्टेजवर भूकंपाचा प्रोजेक्ट मांडणार आहे. तेव्हा तिचं तोंड मला धड दिसायला हवं. सध्या सूनबाई आणि फ्रिज सारखेच दिसतात. टोमणा आला की समजायचं, सूनबाई.

संकल्प: गोड बंद. कायमचं.

५ एप्रिल
भिंगरीने माझ्या खोलीत जमिनीवर एक डबी ठेवली. जमीन हलली की तिच्या कॉम्प्युटरवर रेघ हलते. तळमजल्याला मी, म्हणून मान माझा.

तिने समजावलं. हवा तापते, डोंगरावरचं बर्फ वितळतं, जमिनीवरचं ओझं उतरतं. मग जमीन हळूहळू वर येते, भेगा सरकतात, खालचे ज्वालामुखीही जागे होऊ शकतात. पण काही ठिकाणीच, आणि शेकडो-हजारो वर्षांनी. शिकलेल्यांचं हे असंच. सगळं कदाचित.

मला मात्र लगेच उमगलं. ओझं उतरवणं धोक्याचं! मी वजन उतरवलं तर माझ्याखालच्या जमिनीने काय करायचं? सूनबाईला सांगितलं. ती म्हणाली, आई, तुम्ही दोन किलो उतरवा, पृथ्वीचं मी बघून घेते.

९ एप्रिल, दुपार
गोड बंदच आहे. सगळे कामावर. स्वयंपाकघरात गेले ती बिस्किटांचा डबा घट्ट लागलाय का ते बघायला. नव्हता लागला. बिस्किटं सादळायला आली होती. अन्न वाया घालवू नये.

१० एप्रिल
खळबळ! काल भर दुपारी रेघ हलली. परवाही हलली होती. भिंगरी चक्रावली. मी म्हटलं, ऊन गं. ती म्हणाली, आज्जी, उन्हाची धग हात-दोन हात खोल जाते, भूकंप होतो कोसभर खाली. मी म्हटलं, मग तुझ्या डबीला विचार. घरात शास्त्रज्ञ एक होता, आता दोन.

१४ एप्रिल
रोज दुपारी भूकंप. पण माझं नशीब फुटकं. पलंगावर वाट बघत पडावं तर काही नाही. जरा स्वयंपाकघरात जाऊन यावं, तर नेमका तेवढ्यात होऊन जातो.

मध चाखला. मध म्हणजे साखर नव्हे, औषध. औषध चमच्याने मोजून घेतात. मला चमचा दिसला नाही.

१८ एप्रिल
आज आग ओकणारं ऊन. लेकाने दुपारी रक्त तपासायला नेलं, सूनबाईही बरोबर. घराला कुलूप. आल्यावर भिंगरीला म्हटलं, आज तर मोठाच झाला असेल! रेघ सुतासारखी सरळ. घरात कुणी नाही म्हटल्यावर पृथ्वी तरी कुणासाठी हलणार? भिंगरी माझ्याकडे बघत राहिली. निदान तसं वाटलं.

२० एप्रिल
साखर चढली. त्यांचं मशीन बिघडलेलं असणार. ऑपरेशन लांबलं, जूनमध्ये बघू म्हणाले. पायऱ्या उतरताना लेकाने हात घट्ट धरला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं.

उद्यापासून कडक पथ्य.

२१ एप्रिल
पथ्याने भूक फार लागते. हे आधी कुणी सांगत नाही.

२३ एप्रिल
भिंगरीच्या सरांनी रेघा पाहिल्या. म्हणाले, हा भूकंप दोन पायांवर चालतो. एक पाय फरफटतो. वाटेत एका जागी थांबतो, मग परत फिरतो. सूनबाई खो खो हसली. मग तिने डबे उघडले आणि हसू थांबलं.

मी म्हटलं, सर तरुण आहेत, अनुभव कमी.

डबे वरच्या फळीवर गेले. भिंगरी जवळ येऊन बसली. म्हणाली, आज्जी, तू मला स्टेजवर बघणार होतीस ना. मी म्हटलं, बघीन की, त्यात काय.

६ मे, संध्याकाळ
कॉलेजात जाऊन आले. पहिल्या रांगेत बसवलं. समोर पांढरं काहीतरी हलत होतं. भिंगरी की पडदा, कळेना. आवाज तिचाच. बर्फाचं ओझं, भेगा, ज्वालामुखी, सगळं नीट सांगितलं. मग म्हणाली, जमिनीचं ऐकायचं तर आधी घरातली माणसं ओळखावी लागतात. सगळे हसले. तेव्हा कळलं, माझी रेघ लावली.

शेजारच्या बाईंना विचारलं, कशी दिसते हो? त्या म्हणाल्या, जाताना घाई दिसते, येताना निवांत.

म्हटलं, रेघ राहू द्या. पोरगी कशी दिसतेय, तेवढं सांगा.