दोन मजले खाली, रजिस्टर्ड पोस्टाने

बाबा, आज सकाळी खालच्या काकांच्या मुलाचा फोन आला होता. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आपल्या दोन मजले खाली राहायचे ना, तुमच्या ऑफिसातले, तेच काका. गुडगावच्या त्यांच्या घरावर त्याला आणखी एक मजला चढवायचाय. "ताई, नकाशा तूच काढला होतास, आता तूच बघ ना यार. घरचंच काम आहे." मी म्हटलं, बिल्कुल बघते, फी किती ते मेलवर कळवते, निम्मी आधी लागेल. तो म्हणाला, "आपल्या माणसांत कसली फी, ताई?" हे असलं मी पहिल्यांदा तुमच्याकडून ऐकलंय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण फोन ठेवल्यावर माझं डोकं तुमच्यावरच तडकलं. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणू देत.

मी तेव्हा पॉलिटेक्निकमधून नुकती बाहेर पडले होते. रोज कोणीतरी गुडगावला प्लॉट घेतल्याचे पेढे आणून द्यायचं, आणि तिथे तर नुसती मोहरीची शेतं आणि बिल्डरांच्या पाट्या! काकांचाही प्लॉट झाला आणि नकाशाचं काम माझ्याकडे आलं. दोन महिने आपलं जेवायचं टेबल माझ्या ताब्यात होतं आणि तुम्ही आणि आई पलंगावर ताटं घेऊन बसत होतात. काकूंनी स्वयंपाकघर तीन वेळा फिरवलं. प्रत्येक वेळी मी ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडने खरवडून काढत होते. शेवटी अकरा शीट झाल्या. मग मार्केटातल्या टायपिंगवाल्याकडून बिल टाइप करून आणलं आणि तुम्हाला दाखवलं, कारण तुमच्या पत्रांच्या ड्राफ्टिंगचं अख्ख्या मंत्रालयात नाव होतं. मला वाटलं होतं, तुम्ही खूश व्हाल. माझं पहिलं बिल होतं हो ते!

तुम्ही लाल पेन काढलंत. 'आपल्या सोयीने', 'शक्य झाल्यास', 'तसदीबद्दल क्षमस्व'. रक्कम पार कागदाच्या तळाशी गेली. "हे बिल आहे की माफीनामा?" मी विचारलं. तुम्ही चष्मा काढलात. "त्यांच्याकडे आपण गणपतीला जेवतो. आपल्या माणसांना बिल लावतं का कोणी? उद्या तुझी आई पोळ्यांचं बिल लावेल." आतून आई म्हणाली, "लावायलाच हवं होतं." तिच्याकडे तुम्ही लक्षच दिलं नाहीत. कागद घडी करून खिशात टाकलात, सपाता घातल्यात आणि खाली गेलात. परत आलात ते हसत. "सांगितलं त्यांना, पोरीने गंमत केली." संध्याकाळी काकू किलोभर काजू कतली आणि एक साडी घेऊन आल्या, माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "गुणाची गं बाई." दोन महिन्यांचं काम, आणि गंमत! मी त्या कतलीचा एक तुकडा खाल्ला नाही. साडी आईने कपाटात टाकली, ती तिनेही कधी नेसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बिल नव्याने टाइप करून घेतलं, एकाही 'कृपया'शिवाय, आणि पोस्टात जाऊन रजिस्टर्ड केलं. खिडकीतल्या माणसाने दोन्ही पत्ते वाचले. "मैडम, ये तो एक ही बिल्डिंग है." मी म्हटलं, "हाँ जी, मालूम है. रसीद दीजिए." घाबरले होते, पण पावती घेतलीच. तिसऱ्या दिवशी पोस्टमन आला, काकांनी सही केली आणि आठवडाभरात पूर्ण रकमेचा चेक आला. त्या वर्षी गणपतीचं बोलावणं मात्र आलं नाही. आणि तुम्ही? दिवाळीपर्यंत एकाच टेबलावर बसून आईमार्फत बोलत होतात. "तिला सांग, भात वाढून घे म्हणावं." अहो, मी हातभर अंतरावर होते!

मी चुकले नव्हते, बाबा. आजही म्हणते, नव्हते. तुम्ही लोकांना आयुष्यभर फुकट अर्ज लिहून दिलेत. कॅन्टोन्मेंटमधून जवान यायचे, त्यांची पेन्शनची, बदलीची कागदपत्रं करून द्यायचात, वर चहा पाजायचात. त्याबद्दल मला कधी काही म्हणायचं नव्हतं. तो तुमचा स्वभाव, तुमचा आनंद. पण माझ्या वतीने दिलदार व्हायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? आणि रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा आपण कुठे गेलो? माझ्या फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये. तो अशाच बिलांवर उभा राहिला, अनोळखी लोकांना लावलेल्या आणि ओळखीच्यांनाही. सहा वर्षं तुम्ही तिथल्या बाल्कनीत पेपर वाचलात आणि एकदाही म्हणाला नाहीत, की पोरी, तुझं बरोबर होतं.

हे सगळं मी कितीदा मनात घोळवलंय. इथेच थांबणार होते. पण मग ते पाकीट आठवतं.

फरीदाबादला आपल्याच सोसायटीत सातव्या मजल्यावर ते रिटायर्ड सुभेदार राहायचे. त्यांची अडकलेली पेन्शन तुम्ही दीड वर्ष पत्रं लिहून सोडवलीत. एक दिवस ते दोन हजार रुपयांचं पाकीट देऊन गेले, तुम्ही नको नको म्हणत असताना. तुम्ही माझ्या खोलीच्या दाराशी आलात, पाकीट दोन्ही हातांत. पहिली नोकरी लागल्यासारखा चेहरा झाला होता तुमचा. म्हणालात, "तुझ्या त्या बिलाचा एक कागद दे गं. घेतलेत, तर रीतसर पावती करावी म्हणतो. कशी करतात?"

आणि मी कॉम्प्युटरवरून मानही न वळवता म्हटलं, "अच्छा? आपल्या माणसांकडून पैसे घ्यायचे असतात का, बाबा?"

एवढं एक वाक्य किती वर्षं जपून ठेवलं होतं मी. थोड्या वेळाने सपाता घालून बाहेर निघालात, पाकीट शर्टाच्या खिशात. मला कळलं कुठे चाललात ते. परत आल्यावर आईला म्हणालात, "गंमत म्हणून घेतले होते, दिले परत."

मी तुम्हाला थांबवू शकले असते. थांबवलं नाही. लिफ्टचं दार मीच उघडून धरलं होतं.