वरच्या खोल्यांबद्दल तू विचारलंस म्हणून

चिरंजीव थोरल्या,

आत्याचे भरपूर आशीर्वाद. सूनबाईची कंबर आता कशी आहे? तिला म्हणावं, वाकून फरशी पुसू नकोस, घरात एक धडधाकट माणूस नुसता खुर्चीत बसून असतो, त्याला पुसू दे. (तुझ्याबद्दलच बोलतेय.) आमचं इकडं ठीक आहे. माझे गुडघे कुरकुरतात आणि तुझे काका अजिबात कुरकुरत नाहीत, त्याचीच काळजी आहे. ते पुढं येईलच.

तुझा लांबलचक मेसेज पोचला. वाचायला मला एक अख्खी दुपार लागली, अक्षरं मुंगीएवढी. फोन कर म्हणतोस, पण फोनवर मी बोलले की काकांच्या कानावर जातं, आणि तू तिकडं "हो आत्या, हो आत्या" करत भलतीकडंच बघत असतोस. म्हणून कागदावर लिहितेय. माझी शाळा लहानपणीच सुटली, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुझं तरी कुठं मोत्यासारखं आहे.

तू दोन गोष्टी विचारल्यास. कर्ज काढून घेतलेला तो फ्लॅट भाड्यानं द्यायचा तर काय काय बघायचं, ही एक. आणि आमच्याकडं वर राहायची ती शिवणवाली आणि तिचा ड्रायव्हर नवरा तुझ्याकडं जागा मागायला आलेत, माणसं कशी आहेत, रविवारी त्यांना काय सांगू, ही दुसरी. दुसरीचं उत्तर आधी देते. देऊ नकोस. का ते सांगते, पण माझ्या पद्धतीनं सांगते, मधेच पान उलटू नकोस.

जागा घेताना तू काय बघितलंस ते मला माहीत आहे. लिफ्टमधला आरसा बघितलास. अरे, न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून ते जातं कुठं ते बघायचं असतं. वरच्या मजल्यावर जाऊन त्यांचा नळ कुठं गळतो ते बघायचं, कारण त्यांचा नळ म्हणजे तुझं छत. आणि भाड्याची जागा चालत जाता येईल इतकी जवळ हवी. लांब असली की प्रत्येक वायसरला प्लंबर बोलवावा लागतो, आणि प्लंबर एका वायसरसाठी येतो आणि भिंत फोडून जातो. (मी पाना स्वतः चालवते. काका बॅटरी धरतात, तीही भलतीकडं.) भाडं आलं की ते सगळं आपलं असं समजू नकोस, त्यातलं थोडं बाजूला ठेव, कारण जागा रिकामी पडली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही, आणि जागा रिकामी पडतेच. मी हे सगळं ठेच लागल्यावर शिकले, तुला बसल्या जागी मिळतंय, तर जांभया देऊ नकोस.

माणूस पारखायचा कसा, याचा मला एके काळी फार गर्व होता. आमचा पहिला भाडेकरू कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला, खाली वाकून नमस्कार केला, मी म्हटलं हा सज्जन. सज्जन जाताना बल्ब घेऊन गेला, पंख्याचं बटण घेऊन गेला, मोरीवरची जाळीसुद्धा घेऊन गेला. दारं राहिली ती बहुतेक जिन्यातून वळली नसतील म्हणून. तेव्हा इस्त्रीवर जाऊ नकोस. भाडेकरू राहायला येईल त्या दिवशी खोलीतल्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढ, त्याच्यासमोर काढ. आणि तो आधी जिथं राहत होता तिथल्या मालकाला विचार. ते तू विचारतोयसच म्हणा, मालक मीच आहे.

तर ऐक, शिवणवालीचं. सकाळपासून मशीन. माझ्या बरोब्बर डोक्यावर. खडखड खडखड, मधे थांबायची, मला वाटायचं संपलं, की परत खडखड. नवऱ्याची बस पहाटेची, तर हा माणूस जिन्यावरून बूट हातात धरून अनवाणी उतरायचा, माझी झोप मोडू नये म्हणून. मी आधीच जागी असायचे, मग त्या शहाणपणाचा उपयोग काय? उलट पाऊल वाजलं नाही की मला वाटायचं आज याला बरं नाही की काय, आणि मला उठून खिडकीतून बघावं लागायचं. असा त्रास. घरात काही चांगलं शिजलं की वाटी खाली यायची. वाटी रिकामी कशी परत करणार, म्हणून मला काहीतरी करावं लागायचं. कामं वाढवणारी माणसं, दुसरं काय.

आणि तुझ्या काकांना तर तिनं पार बिघडवलं. रिटायर झाल्यावर हा माणूस दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या मोजायचा. एक दिवस ती म्हणाली, काका, नुसते बसलात तर चार बटणं लावून द्या. झालं! दुपारचं जेवण झालं की चष्मा खिशात घालून हे वर. मी कपाटभर ब्लाऊज घेऊन जन्म काढला, माझ्या एका ब्लाऊजला यांनी कधी हूक लावून दिला नाही, आणि तिच्याकडं गिऱ्हाइकाच्या कोटाला दुहेरी दोऱ्यानं बटणं. वरून हसण्याचे आवाज यायचे. मी खालून केरसुणीचा दांडा छताला ठोकून ओरडायचे, "खोली खाली करा!" मशीन थांबायचं. मग ती जिन्यात वाकून विचारायची, "मालकीणबाई, आजच करू की चहा पिऊन?" मी म्हणायचे, चहा पिऊन करा. आणि चहा ठेवायचे.

हे असं वर्षानुवर्षं चाललेलं. खोली खाली करा हे मी दर आठ-पंधरा दिवसांनी म्हणायचे, जसं कुणी खोकतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग तू आलास. पॅन्टची लांबी तिच्याकडून कमी करून घेतलीस, तिला नंबर दिलास, आणि जाता जाता मला शिकवलंस की आत्या, भाड्याच्या व्यवहारात सगळं लेखी हवं, तोंडी काही धरत नाहीत. म्हणून मी एजंट बोलावला, नवीन करार करायला. बगलेत फाइल, तोंडात पेनाचं टोपण. तो टेबलाशी बसला आणि वर मशीन सुरू झालं, मी दांडा ठोकला आणि नेहमीचं ओरडले. त्यानं मान वर केली, म्हणाला, "ताई, हे लेखी दिलं पाहिजे, एका महिन्याची मुदत देऊन." मी रागाच्या भरात म्हटलं, "द्या मग!" दुसऱ्या दिवशी तो कागदांचा गठ्ठा घेऊन आला, जिथं जिथं बोट ठेवलं तिथं मी सही केली. चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. उठायचा कंटाळा केला, एवढंच.

संध्याकाळी ती खाली आली. मी मोरीचा पाइप उघडून बसले होते, कोपरापर्यंत घाण. ती दारातच उभी, म्हणाली, "मालकीणबाई, या वेळी खरंच?" मला वाटलं नेहमीची चेष्टा. मी मागं न बघता म्हटलं, "खरं नाही तर काय खोटं?" थोरल्या, मी मागं वळून बघायला हवं होतं. तिच्या हातात तो कागद होता, माझ्या सहीचा.

मला कळलं ते तिसऱ्या दिवशी, जिन्यात खोकी दिसली तेव्हा. तेव्हाही वेळ होती. मी वाट बघत होते की ती भांडायला येईल, म्हणजे मला म्हणता येईल की चहा पिऊन जा. ती भांडली नाही. ती वाट बघत असेल मी काही म्हणेन म्हणून. मी घरमालकीण, मी आधी कशी म्हणणार? मुदतीचा महिना आम्ही दोघींनी असा एकमेकींच्या तोंडाकडं न बघता घालवला. गेली तेव्हा खोल्या लख्ख. बल्ब जागेवर, जाळी जागेवर, वर खिडकीला मापात शिवलेला नवा पडदा. आणि काकांसाठी बटणांचा डबा.

आता हे दिवसभर बटणं रंगाप्रमाणं वेगळी करतात. झाली की परत डब्यात ओततात आणि पुन्हा सुरू. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते, बरं वाटलं असतं. एजंट रोज गिऱ्हाइकं आणतो, म्हणतो, ताई, एकदम शांत पार्टी आहे. मी म्हणते, शांतता घरात आहे तेवढी पुरे. तो म्हणतो, जागा रिकामी ठेवणं म्हणजे तोटा. मला काय कळत नाही? दांडा ठोकला तर वरून काहीच येत नाही.

सूनबाईला आशीर्वाद, मुलांना पापे.

तुझी,
आत्या

ता.क. रविवारी त्यांना नाहीच सांग. कारण विचारलं तर म्हण, या फ्लॅटमध्ये मशीनला उजेड पुरत नाही. (मी तुझा फ्लॅट बघितलेला नाही, पण पुरत नसणारच.)

दुसरं ता.क. वरच्या नळाचा वायसर मी बदललाय. खिडकीपाशी मशीनसाठी जादा पॉइंटही काढून घेतलाय. हे सहज बोलता बोलता तिच्या कानावर घाल. मी सांगितलं म्हणून नको. काकांना तर यातलं काहीच कळता कामा नये, नाहीतर म्हणतील मी नमले.

तिसरं ता.क. एवढा भाग फाडून तिच्या हातात दे. मी खोली खाली करा असं पुन्हा म्हणणार, माझा स्वभाव आता बदलत नाही. ते कुणी मनावर घेऊ नये, मशीन चालू ठेवावं आणि चहाला खाली यावं. सगळं लेखी हवं ना, हे मी लेखी देते. खाली सही केली आहे. आणि या वेळी चष्मा लावून, आधी दोनदा वाचून केली आहे.