ओल्या रुमालाखालचं पहिलीचं वर्ष

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग खरोखरच घातला असता, पण पहिलीच्या वर्गातल्या खुर्चीने माझे गुडघे कामातून घालवले आहेत. त्याचं कारण पुढे येईलच.) तुझी तब्येत बरी असेल, भाऊजींचा खोकला धरणाच्या धुळीत हरवला असेल आणि ते अजूनही चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधत असतील, असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझी भिंगरी या क्षणी मैद्याच्या पोत्यावर बसून पाय हलवते आहे आणि मी काय लिहितो ते मान वाकडी करून बघते आहे. तिला माझं गिचमिड अक्षर लागत नाही, म्हणून मी बिनधास्त लिहितो आहे.

तुझं पत्र पोचलं. धरणाचं काम आटोपलं, नव्या शहरात घर मिळालं, पुढच्या महिन्यात तू येणार आणि भिंगरीला दुसरीसाठी घेऊन जाणार, हे वाचून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सुटलो एकदाचा! बेकरीवाल्या एकट्या माणसाच्या गळ्यात वर्षभरासाठी सहा वर्षांची पोर बांधून जाताना तुला जराही दया आली नव्हती, हे मी विसरलेलो नाही. आता पहाटेची भट्टी लावून झाली की मी निवांत चहा पिईन. कुणाची वेणी नाही, कुणाचा हरवलेला मोजा नाही, 'मामा, ढगांना पोट असतं का' नाही. तर ते असो. पहिलीचं अख्खं वर्ष तुझ्या नजरेआड गेलं, तेव्हा पालकांना जे जे माहीत असायला हवं ते सगळं कळव असं तू लिहिलं आहेस, म्हणून कळवतो.

पहिली गोष्ट म्हणजे पालकाला स्वतःचं असं काही उरत नाही. शाळेच्या फाटकातून आत गेलं की आपण फक्त अमक्याचे तमके. गावभर ज्याचा दरारा आहे असा एक वकील आमच्या वर्गात 'पेन्सिल खाणाऱ्याचे बाबा' म्हणून ओळखला जातो आणि हाक मारली की मुकाट्याने ओ देतो. मी 'भिंगरीचा मामा'. दुसरी गोष्ट खुर्ची. पालकसभेला मुलांच्याच खुर्च्यांवर बसायचं असतं. त्या खुर्चीत बसणं जमतं, उठणं जमत नाही. पहिल्या सभेत मी उठलो तेव्हा खुर्ची माझ्यासोबत उठली, आणि मी तशाच अवस्थेत बाईंना दोन शंका विचारल्या. (वर्गशिक्षिकेला नुसतं 'बाई' म्हणायचं. आमच्या बाई उंच, बारीक, आणि हसू आलं की खडूचा डबा शोधायला खाली वाकतात. त्या दिवशी त्या बराच वेळ वाकलेल्या होत्या.) तिसरी गोष्ट फोनवरचा पालकांचा ग्रुप. त्यात एकाने 'उद्या निळा कागद आणायचा आहे का' असं विचारलं, की संध्याकाळपर्यंत गावातल्या दुकानांतला निळा कागद संपतो, आणि सकाळी कळतं की हिरवा हवा होता. मी कानाला खडा लावला आहे. आता मी भिंगरीला विचारतो. तीही चुकते, पण एकटी चुकते.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. शाळा सुरू झाली आणि आमच्या भिंगरीला अक्षरं काही केल्या आवडेनात. पाटीवर गिरवायला दिलं की पोट दुखायचं. तू तर लांब, भाऊजी त्याहून लांब (नकाशात एकाच ठिकाणी असलात तरी), मग मी आपली माझ्या धंद्यातली युक्ती काढली. पावाच्या पिठातून थोडं पीठ बाजूला काढलं, त्याच्या वळ्या केल्या आणि ट्रेवर अक्षरं मांडली. 'ट' अगदी सोपा. 'ठ' म्हणजे तर शेंडी असलेला पावच. 'ण'चा पाय भट्टीत मोडतो, 'ळ' मात्र असा काही खरपूस होतो की गिऱ्हाइकं मागून नेऊ लागली. भिंगरी शाळेतून आली की भट्टीपासून लांब, मागच्या टेबलाशी माझ्याबरोबर अक्षरं वळायची, भाजून आल्यावर ओळखलेलं अक्षर खायची, न ओळखलेलं परत ट्रेवर ठेवायची. महिन्याभरात पोरीने अख्खी मुळाक्षरं फस्त केली. मी काय फुशारलो होतो ताई! शिक्षणखात्याला दोन गोष्टी सुनवाव्यात इथपर्यंत माझी मजल गेली होती.

आणि मग वहीवर शेरे येऊ लागले. 'अक्षरांत अंतर फार.' मग 'एका ओळीत तीनच अक्षरे का?' मग नुसतंच लाल उद्गारचिन्ह. भिंगरी 'कमळ' लिहायची ते एखाद्या कुटुंबातली माणसं भांडून तीन गावांना राहायला गेल्यासारखं. मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे उत्तम. (डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली, तर तिने त्यांना विचारलं, 'ही कधीची आहेत? शिळी आहेत का?' डॉक्टरांनी माझेच डोळे तपासले.) मी पट्टी आणली, चौकटीची वही आणली, बोटं ठेवून अंतर दाखवलं. ती शहाण्यासारखी मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन गावं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे सांगितलंही नसतं. पण वह्या ओल्या येऊ लागल्या. पानं चिकटलेली, अक्षरं पसरलेली, पुठ्ठा सुजलेला. मी पाण्याच्या बाटलीवर संशय घेतला. बाटली बदलली. तीही बदलली. तिसरी बाटली रात्रभर काउंटरवर उलटी टांगून ठेवली, एक थेंब गळला नाही. मग दप्तरावर संशय घेतला, मग शेजारी बसणाऱ्या पेन्सिल खाणाऱ्यावर. त्याच्या बाबांशी माझी फाटकाजवळ अशी काही खडाजंगी झाली की वकील असूनही त्यांना शब्द सापडेनात. (आता आमची चांगली दोस्ती आहे. ते रोज 'ळ' नेतात.)

शेवटी बाईंनी मला बोलावून घेतलं. या वेळी खडूचा डबा शोधायला त्या वाकल्या नाहीत. भिंगरी लेखन पुरं करत नाही, दोन ओळी लिहून हाताची घडी घालून बसून राहते, सगळा वर्ग पुढे जातो आणि ही वहीकडे बघत बसते, असंच राहिलं तर तिला पुन्हा पहिलीत बसवावं लागेल, असं त्या म्हणाल्या. खरं सांगतो, मी घाबरलो. तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला. तू पोर माझ्या भरवशावर टाकून गेलीस आणि मी तिला होती तिथेच ठेवून परत देणार! मी बाईंना म्हटलं, मला एक दिवस मागच्या खुर्चीवर बसू द्या.

बसलो. (गुडघ्यांचं उरलंसुरलं तिथेच गेलं.) लेखनाचा तास सुरू झाला. भिंगरीने जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून दोन ओळी लिहिल्या. लांब लांब, ऐसपैस. मग तिने खिशातून रुमाल काढला, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं, टेबलाखाली हात नेऊन तो नीट पिळला, झटकला, आणि हलक्या हाताने वहीवर पसरला. चारी कोपरे सरळ केले. मग हाताची घडी घालून स्वस्थ बसली.

ताई, मला तिथेच उभं चिरलं असतंस तरी रक्त निघालं नसतं. ती पद्धत माझी होती! पीठ ओल्या फडक्याने झाकायचं, मध्ये अंतर सोडायचं, नाहीतर फुगून एकमेकांना चिकटतं, आणि मग घाई न करता बसून राहायचं, सतत उघडून बघायचं नाही, हे सगळं मीच तिला रोज सांगत आलो होतो. बाई जवळ आल्या, त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? भिंगरी अगदी हळू आवाजात म्हणाली (झाकलेल्या पिठाजवळ मोठ्याने बोलायचं नाही, हाही माझाच नियम, आणि त्याला काहीही आधार नाही), "फुगायला ठेवलंय, बाई."

बाई खडूचा डबा शोधायला गेल्या त्या थेट वर्गाबाहेरच. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे पुसलेले होते. त्यांनी तिला समजावलं की वहीतली अक्षरं फुगत नाहीत, लिहिली तेवढीच राहतात. भिंगरीला हे साफ नामंजूर. तिने विचारलं, मग दुकानांच्या पाट्यांवर एवढी मोठी मोठी अक्षरं असतात ती कुठून आली? सगळा वर्ग बाईंकडे बघायला लागला. मीही बघायला लागलो.

त्या संध्याकाळी बाई बेकरीत आल्या. पदर खोचला, पीठ मागितलं, आणि भिंगरीशेजारी उभ्या राहून एक 'भ' ट्रेवर वळला आणि एक 'भ' वहीत लिहिला. दोन्ही झाकले. दोन्हींसमोर आम्ही तिघं वाट बघत बसलो. ट्रेवरचा फुगला, वहीतला होता तसाच. भिंगरीने दोन्ही बराच वेळ पाहिले, वहीतल्या 'भ'ला बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "बिचारा." दुसऱ्या दिवसापासून तिची अक्षरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. परवा निकाल लागला. दुसरीत गेली. शेरा 'लेखन उत्तम, वही कोरडी'. मी तो शेरा काउंटरवर काचेखाली लावला आहे आणि पाव घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावतो.

तर पालकांनी एवढंच जाणून असावं की मूल शाळेत चुकलं तर आधी घरी काय शिकवलं ते आठवून बघावं. बाकी सगळं क्षेम. तू खुशाल ये आणि तिला घेऊन जा. माझी काही तक्रार नाही, उलट बेकरी किती शांत होईल! भाऊजींना नमस्कार, आणि चष्मा त्यांच्या डोक्यावर आहे म्हणून सांग.

तुझा,
सुटका होत असलेला धाकटा भाऊ

ता. क. तिचे केस उजवीकडून विंचरायला घ्यायचे, डावीकडून घेतले तर रडते. दुधात साय चालत नाही. झोपताना एका हाताने कुणाचा तरी शर्ट धरते. पीठ लागलेला असला तर लवकर झोपते. तुमच्याकडे पीठ लागलेला शर्ट कुणाचा असणार, हा आपला सहज मनात आलेला विचार.

ता. क. दुसरा. सहजच विचारतो, तुमच्या नव्या घराजवळ बेकरी आहे का? असेल तर पाव कसा असतो? वाईटच असेल. एखादा रिकामा गाळा, मागे भट्टीपुरती जागा, असं काही येता-जाता दिसलं तर कळव. काही कारण नाही. माणसाला माहिती असावी.

ता. क. तिसरा. भिंगरीला दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणते, म्हणून पेन तिच्या हातात देतो. मी भट्टी बघायला जातो आहे.

आई, मामा खोटं लिहितो. तो रडतो आणि मैदा डोळ्यात गेला म्हणतो. त्याने एक पाटी केली आहे. पोत्यांच्या मागे लपवली आहे. त्याने आपल्याबरोबर यायला तू हो म्हणालीस की लावणार आहे. अक्षरं खूप मोठी आहेत म्हणून मी न खाता वाचली. तिच्यावर लिहिलं आहे, दुकान देणे आहे. आई, लवकर हो म्हण. मी पाटीवर ओला रुमाल घातला आहे.