उजव्या बटणाचा मानपान

ती. प्रगतीताईस,

हेंद्रेपाड्याहून विनीतचा सप्रेम जय भीम. मान कशी आहे तुझी? डॉक्टरने दिलेला पट्टा लावतेस, की ऑफिसच्या खुर्चीला घालून ठेवलायस? विक्रांतदाजींचा गुडघा काय म्हणतो? (मॅरेथॉनला नाव दिलं तेव्हाच मी म्हणालो होतो, माणसाने आधी पार्किंगपर्यंत पळून बघावं. त्यांना सांगू नकोस.) इकडे आई बरी आहे. पप्पाही बरे आहेत, म्हणजे टीव्ही बरा आहे आणि पप्पा त्याच्यासमोर आहेत. मी मात्र बरा नाही, आणि त्याला जबाबदार तू आहेस.

मे महिन्यात आलीस तेव्हा आंब्याची कोय चोखत चोखत काय बोललीस, आठवतंय? म्हणालीस, विन्या, डेस्कटॉपवरच्या विजेटला राइट क्लिकचा स्वतःचा मेनू जोडायचा ना, अर्ध्या तासाचं काम आहे. ताई, आता ऑगस्ट चालू आहे. तुमच्या पुण्यातला अर्धा तास आमच्या बदलापुरात तीन महिन्यांचा भरतो. वर सोसायटीची एक सभा, एक रुसवा आणि एक मोडायला आलेली सोयरीक.

मुळात मला विजेटचं काय पडलंय? मला चावी हवी होती. आपल्या वन बीएचकेत पाच माणसं, आणि खालच्या गाळ्यात कुणाचं तरी जीन्स शिवायचं युनिट. वर मी वाक्य लिहायला घेतलं की खाली कुणीतरी चेन शिवायला घेतो आणि माझा पूर्णविराम थरथरतो. माझी कादंबरी, जिच्यात एकाही पात्राला नाव नाही (हसू नकोस, तो प्रयोग आहे), सतरा पानांवर अडकली होती. आणि समोर सोसायटीचं ऑफिस दिवसभर बंद. आत टेबल, पंखा आणि समितीतल्या धर्मेशभाईंनी त्यांच्या जीन्सच्या दुकानातला जुना काढून दिलेला कंप्युटर. म्हणून मी चेअरमन दौलतरावांना गाठलं. ते अंबरनाथच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेत, पण सुपरवायझरी अजून रिटायर झालेली नाही. सौदा ठरला. कुठल्या विंगला किती वाजता पाणी, हे स्क्रीनवर दिसेल असं काहीतरी मी बनवायचं, आणि दुपारी एक ते चार ऑफिसची चावी माझी.

विजेट खरंच एका दिवसात झालं. (आईला मी विजेट म्हणजे कंप्युटरच्या फ्रिजवर लावलेलं मॅग्नेट असं समजावलं. तिला लगेच कळलं. समितीला अजून कळलेलं नाही.) मग तुझा तो मेनू. राइट क्लिक केलं की तीन गोष्टी: उद्याचं पाणी, जनूचा फोन, बंद करा. जनू म्हणजे आपला पंपवाला, बारवीकडच्या पाड्यावरून येतो तो. त्याने व्हॉल्व्ह उघडला तरच पाणी, नाहीतर नळ म्हणजे नुसती भिंतीची शोभा. त्याचा नंबर ऑफिसच्या भिंतीवर मार्करने लिहिलेला होता. डिजिटल झाल्याच्या आनंदात मी तो स्वतःच्या हाताने थिनर लावून पुसला. हे लक्षात ठेव.

दाखवायला गेलो तर माउसच्या उजव्या बटणावर चिकटपट्टी. दौलतरावांनी लावली होती. म्हणे मागे कुणीतरी ते दाबलं आणि काहीतरी उघडलं. पट्टी काढली, क्लिक केलं, मेनू उघडला. दौलतरावांनी चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा नाकावर घेतला आणि विचारलं,

“यात माझं नाव कुठंय?”

इथून सगळा लोचा. कारण ताई, आपल्याकडे वरून खाली ओळी दिसल्या की माणूस त्या वाचत नाही, स्वतःचं नाव शोधतो. लग्नाची पत्रिका असो, वाढदिवसाचा फ्लेक्स असो, की पाण्याच्या विजेटचा मेनू. दौलतराव अध्यक्ष, म्हणून एक नंबर. कंप्युटर कुणाचा? धर्मेशभाईंचा, म्हणून दोन नंबर. (त्यांचं म्हणणं एक नंबर हवा होता. जिसका माल उसका नाम, हा त्यांच्या जीन्सच्या धंद्याचा नियम.) मग कुमुदिनीकाकू, सी विंग, महिला मंडळ. त्यांनी काही मागितलं नाही, फक्त तीन दिवस माझ्या आईशी बोलल्या नाहीत. तीन नंबर. उद्याचं पाणी मी वगळून टाकलं, ते कुणाचं नातेवाईक नव्हतं. जनू चौथा, आणि पाचवं बंद करा. बिननावाची कादंबरी लिहायला चावी मिळवली, आणि दुपारभर नावंच टाइप करत बसलो. जनूला सांगितलं तुझं नाव चार नंबरला टाकलंय, तर तो म्हणाला, “नावाचा मी काय करू? पानी सोडायचा का नाय, ता सांग.”

आता तू म्हणशील, नावं तर नावं, टाक आणि मोकळा हो. पण तुझ्या त्या फुकटच्या सॉफ्टवेअरचा नियम विसरलीस. प्रत्येक नावाच्या खाली एक काम लिहावं लागतं. नुसतं नाव दिलं, काम दिलं नाही, तर ते नाव दिसतच नाही. ताई, हे ज्याने बनवलं त्याने आयुष्यात एकही हाउसिंग सोसायटी पाहिलेली नाही. मी प्रत्येकाकडे गेलो, विचारलं, तुमचं काम काय लिहू? दौलतराव म्हणाले, मी बघतो. काय बघता? सगळंच बघतो. धर्मेशभाई दुकानातूनच फोनवर म्हणाले, हो जाएगा, कुछ भी डाल दे. काकू म्हणाल्या, मी आधीच सांगितलं होतं. काय सांगितलं होतं ते आठवेना त्यांना. मग मी वैतागून तेच लिहिलं. दौलतरावांच्या नावावर क्लिक केलं की चौकट उघडते: “बघतो.” धर्मेशभाईंच्या: “हो जाएगा.” काकूंच्या: “मी आधीच सांगितलं होतं.” जनूच्या चौकटीत त्याचा मोबाइल नंबर. मला वाटलं आता आपल्याला सोसायटीतून हाकलणार. उलट दौलतरावांनी स्वतःच्या नावावर सात वेळा क्लिक केलं आणि म्हणाले, कारभार असा पारदर्शक पाहिजे. लगेच नोटीसही काढली, की यापुढे ऑफिसातून फोन आल्याशिवाय जनूने व्हॉल्व्हला हात लावायचा नाही.

मग धर्मेशभाई रुसले. ऊपर मेरा नाम नहीं तो निकाल दो, म्हणाले. आता हे कुठल्याही शहाण्या माणसाला कळतं. लग्नात आत्याचे मिस्टर माझं नाव छापू नका म्हणतात, तेव्हा घरातले दोघं-तिघं जाऊन त्यांना चहा पाजतात, हातापाया पडतात, आणि नाव ठळक टायपात येतं. काढून टाका म्हणजे मनवायला या. सगळ्या बदलापुरात हे न कळलेला एकच माणूस निघाला. मी नोटपॅड उघडलं, दोन नंबरच्या दोन्ही ओळी उडवल्या, सेव्ह केलं आणि अठराव्या पानाकडे वळलो.

ते नंबर सलग लागतात, हे तू सांगितलं नव्हतंस. मधला एक गेला की त्याच्या खालचे सगळे गायब. एकानंतर थेट तीन आला की ते सॉफ्टवेअर समजतं, यादी संपली. मेनूत उरले फक्त दौलतराव. त्यांनी तो बघितला, आणि त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

रविवारी काकूंच्या सोनियाला बघायला वांगणीचे पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला, पाहुण्यांनी हात धुवायला नळ उघडला, आणि सी विंग कोरडी ठणठणीत. काकू पैठणीत खाली ऑफिसात. भिंतीवर जनूचा नंबर नाही. राइट क्लिक केलं. स्वतःचं नाव नाही, जनू नाही, आणि बंद करायचीही सोय नाही. फक्त दौलतराव. दाबलं. “बघतो.” पुन्हा दाबलं. “बघतो.” जनू तेवढा वेळ पाठीमागच्या पंपरूममध्ये, दहा पावलांवर, नोटिशीप्रमाणे फोनची वाट बघत बिडी ओढत बसला होता. शेवटी काकूंनी खिडकी उघडून त्याच्या नावाने अशी हाक मारली की पाणी दोन मिनिटांत आलं. पाहुणे हे सगळं गॅलरीतून बघत होते. कळवतो म्हणून गेले.

संध्याकाळी सभा. मी सलग नंबरांचं सगळं समजावून सांगितलं. दौलतराव म्हणाले, एकाचं नाव काढलं म्हणून बाकीच्यांची जातात, असं कुठे असतं का? तर काकूच म्हणाल्या,

“असतं. एक रुसला की त्याच्यामागचे सगळे जातात. माझ्या सासरी तेच आहे.”

तेवढ्या एकाच बाईला माझं म्हणणं टेक्निकली समजलं. पण तोपर्यंत धर्मेशभाईंना मनवायचं ठरलं होतं, आणि मनवायला सोसायटीकडे देण्यासारखं एकच होतं. माझी चावी. आता ऑफिसात जीन्सचे गठ्ठे आहेत, मेनूत धर्मेशभाई एक नंबरला आहेत, आणि दौलतराव दीड नंबर मिळेल का असं मला विचारून गेले. अठरावं पान कोरं आहे. खाली युनिटवाल्यांनी दोन मशिनी वाढवल्यात.

दाजींना नमस्कार. मानेला जप.

तुझा,
विनीत

ता. क. तुझा सोनिवलीचा फ्लॅट पझेशन मिळाल्यापासून रिकामाच आहे म्हणे. चावी शीलामावशीकडे आहे. (काल सहज चहाला गेलो होतो. तीन कप झाले, दिली नाही. प्रगतीचा फोन आला तर देईन म्हणाली.) पंखा नसला तरी चालेल. फोन कर.

आणखी एक ता. क. काल तसाच पुढे फ्लॅट बघायलाही गेलो होतो. तिथल्या सेक्रेटरींनी गेटवर अडवून विचारलं, तुम्ही काय करता? मी तुझं नाव सांगून सटकलो. ते तुला विचारतील. कंप्युटरचं नाव काढू नकोस. सांग, भाऊ लेखक आहे, त्याला काहीही येत नाही. विश्वास बसला नाही तर पप्पांचा नंबर दे. ते हेच सांगतील, आणि तुझ्यापेक्षा मनापासून सांगतील.