सुरुवातीचे सूर कोणाचे

२ नोव्हेंबर
निर्णय झाला. तेवीस तारखेला ओसाकात मिनागावाच्या गेम-संगीताचा कार्यक्रम आहे, पूर्ण ऑर्केस्ट्रासह. जाहिरातीत त्याचा फोटो. केस काळेभोर. रंगवत असणार. मी तिकीट काढणार आणि भर सभागृहात उभं राहून सांगणार, की त्याच्या 'वाऱ्याचा किल्ला'ची सुरुवात माझ्या 'कासवराजा'मधून उचललेली आहे. दोन्ही व्हिडिओ गेम एकाच कंपनीचे; तिथे आम्ही दोघं संगीत द्यायचो, टेबलं शेजारी-शेजारी. माझा आधी आला. त्याचा खपला. राग मुळीच नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

३ नोव्हेंबर, सुट्टी
साक्षीदार हवेत. सुमिएला स्वयंपाकघरातून बोलावून दोन्ही सुरुवाती ऐकवल्या. म्हणाली, अहो, पाणी तापलं की आपला गीझर अशीच धून वाजवतो ना? मग बांगडा करपतोय म्हणून गेली. बायकोला संगीतातलं कळत नाही. बाकी चांगली आहे.

६ नोव्हेंबर
कोबेत राहणाऱ्या लेकीला, चिहारूला, फोन करून ऐकवलं. अगदी सेम टू सेम आहे हो बाबा, म्हणाली. भरून आलं. पुढे म्हणाली, तसे मला लहानपणापासून सगळेच गेम सारखे वाजतात, नुसतं टुंईटुंई. तिचं फक्त पहिलं वाक्य धरायचं.

९ नोव्हेंबर
इंटरनेटवर टाकलं, नाव न देता. तीन उत्तरं आली. एक म्हणतो, दोन्ही चाली त्याहून जुन्या एका मोटार-शर्यतीच्या गेममधल्या चालीसारख्या आहेत. दुसरा म्हणतो, गेमयंत्रातल्या त्या जुन्या चिपवर एका वेळी वाजणार ते किती सूर, सारखेपणा येणारच. तिसरा विचारतो, 'कासवराजा' हे काय आहे? पोरंटोरं. पुन्हा तिकडे फिरकणार नाही.
संध्याकाळी : फिरकलो. चौथं उत्तर नाही.

१५ नोव्हेंबर
आरशासमोर भाषणाची तालीम. 'रसिकहो' उत्तम जमतं. पुढे धाप लागते. डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलंय, चिडचिड कमी करा. मी कुठे चिडतो? तरी भाषण आटोपशीर केलं. आता एकच वाक्य आहे : ही सुरुवात माझी आहे. पुरेसं आहे.

२२ नोव्हेंबर
सुमिएही येते म्हणाली. म्हटलं, नको, तमाशा होईल. म्हणाली, होऊ दे, मिनागावा-सानना कित्येक वर्षांत पाहिलं नाही, शिवाय त्या हॉलजवळ उडोन नूडल्स छान मिळतात. प्रसंगाचं गांभीर्यच नाही.

२३ नोव्हेंबर
कडेची खुर्ची घेतली, उठायला सोपी. मध्यंतरानंतर 'वाऱ्याचा किल्ला'. सुरुवात बासरीवर आली. माझीच, जशीच्या तशी. गुडघ्यावर हात टेकून उठणार, तेवढ्यात चाल पुढे गेली. हे पुढचं मी कधी ऐकलंच नव्हतं. एवढी वर्षं सुरुवात वाजून झाली की बटण दाबून बंद करायचो, पुराव्याला तेवढी पुरे होती. बासरीकडून व्हायोलिनवाल्यांनी घेतली, वर नेली, वाटलं आता पडणार, तर आणखी वर. मी बसूनच राहिलो. संपल्यावर सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. तेव्हा मीही उभा होतो.

बाहेर मिनागावाने मला पाहिलं. काठी टेकत जवळजवळ धावतच आला. फुजिएदा-सान! शेवटी आलात! किती निमंत्रणं पाठवली तुम्हाला! मग भोवतालच्या लोकांना सांगू लागला, हेच ते, सुरुवात यांची आहे, मी प्रत्येक मुलाखतीत सांगतो. म्हणे तेव्हा जेवणाच्या सुट्टीत त्याने मला रीतसर विचारलं होतं, आणि तोंडात घास होता म्हणून मी नुसती मान हलवली होती. मला आठवत नाही. त्याच्या मुलाखती मी वाचत नाही. तत्त्व म्हणून. मी त्याला एवढंच म्हणालो, ऑर्केस्ट्रा चांगला होता.

गाडीत सुमिएला विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, हो, कार्यक्रमाच्या पुस्तिकेतही छापलंय की तुमचं नाव. सगळ्यांनाच ठाऊक आहे. मग तुमचं हे काय चाललंय, तेच मला कधी कळलं नाही.

२४ नोव्हेंबर
दिवसभर पडून. सुमिएने विचारलं, आता झालं ना समाधान? हो म्हटलं. तिने परत विचारलं तेव्हा ताटावरून उठलो.

२७ नोव्हेंबर
'कासवराजा' शेवटपर्यंत वाजवून पाहिला. सुरुवात खरंच सुंदर आहे. त्यानंतर तीच सुरुवात पुन्हा. मग पुन्हा. चिपमध्ये जागा नव्हती, असं मी तेव्हा सांगायचो. जागा दोघांनाही तेवढीच होती.
ठरलं. चालीचा पुढचा भाग आता लिहायचा. वय वगैरे सबबी नकोत. पेन्सिलींना टोक केलं, की-बोर्ड पुसला.
दुपारी : पाच-सहा वेळा बसलो. सुरुवात वाजवतो, आणि पुढे हाताखाली मिनागावाचंच येतं.