मशीननं निवडलेला फोटो

नीउ-व्हेनेप, नेदरलँड्स,
रविवार, २१ मार्च २०२१

प्रिय आई,

जयभीम.

रोज व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या लेकीचं पत्र आलेलं बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा हेच सांगते की आम्ही तिघंही बरे आहोत. ताप नाही, खोकला नाही, तोंडाची चवही शाबूत आहे. कुरियरवाला आठ-दहा दिवस लागतील म्हणाला. पाकीट राकेशला उघडू देऊ नकोस. माझा भाऊ असला तरी उतावळा आहे, मोठ्यानं वाचत सुटेल. तू चष्मा लावून एकटीनं वाच.

तुला लसीचा पहिला डोस मिळाला, हे मी इथं सगळ्यांना सांगत सुटले. एवढा पुढारलेला देश, आणि आमचा नंबर कधी ते कुणालाच सांगता येत नाही. तू म्हणालीस ना, "या इकडं, टोचून जा", त्यावर तुझा जावई लोकेश दिवसभर हसत होता. त्याचं हॉटेलातलं काम गेलं ते गेलंच. घरी बसून भाकरी करायला शिकलाय. भाकरी नकाशासारखी होते, पण खाता येते. तुझ्या नातीची, मैत्रीची, शाळा पुन्हा सुरू झाली. मी तिला मराठीत रागावते, ती डचमध्ये उलट उत्तर देते, आणि भांडण अगदी व्यवस्थित होतं. इथं याच आठवड्यात निवडणूकही झाली. लोक सायकलवरून मत द्यायला गेले, काही ठिकाणी तर गाडीत बसूनच मत टाकलं.

आता सत्काराचं.

महिला मंडळानं चौदा एप्रिलच्या ऑनलाइन कार्यक्रमात माझा सत्कार ठेवलाय. तू सगळ्या बायांना सांगितलंस, की आमची समता युरोपातल्या पेपरवाल्यांना काळ्या माणसांचे फोटो नीट छापायला शिकवते. राकेशनं माझा फोटो टाकून बॅनरही केला. तू विषय काढलास की मी मैत्रीच्या अभ्यासाचं बोलायला लागते, आणि तुला वाटतं पोरगी लाजते. आई, मी लाजत नव्हते. माझी तोंड वर करायची हिंमत नव्हती.

तुला माझं काम नीट माहीत नाही, कारण मी नीट सांगितलेलंच नाही. मी ज्या बातम्यांच्या कंपनीत आहे तिथं एक सॉफ्टवेअर आहे. बातमी आली की ते साठ्यातले तीन फोटो सुचवतं, आणि माणूस त्यातला एक निवडतो. सॉफ्टवेअर सांभाळायचं काम माझं, निवडायचं काम फोटो विभागाचं. पण लॉकडाऊनमध्ये त्या विभागातली निम्मी माणसं आजारी पडली, तेव्हा शनिवारी फोटो निवडायची पाळी माझ्यावर आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी मोठमोठ्या लोकांचे चेहरे निवडत होते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

थोड्याच दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. इथल्या पुढाऱ्यांचं नाव टाकलं की सायकल चालवतानाचे, कॉफी पितानाचे, शाळेतल्या मुलांशी बोलतानाचे फोटो येतात. आफ्रिकेतल्या पुढाऱ्याचं नाव टाकलं की मागं शिपाई, पुढं गर्दी, वर केलेलं बोट. दोन्हीकडं माणसंच राज्य करतात, आणि कॉफीही दोन्हीकडं पितात. पण तिकडच्या माणसाच्या हातात कप असताना कुणी कॅमेरा उचललेलाच नाही. मला हे दिसत होतं. तुझ्या लेकीला दिसणार नाही तर कुणाला दिसणार? दिसलं, आणि मी गप्प बसले. माझी नोकरी वर्षाच्या करारावर होती. लोकेश आणि मैत्री इथं राहतात ते माझ्या परवान्यावर, आणि परवाना या नोकरीवर.

जानेवारीत एक बातमी आली. आफ्रिकेतल्या एका लहान देशाच्या आरोग्यमंत्री बाई, स्वतः डॉक्टर. त्यांनी कोरोना कसा आवरला, इथल्या लोकांनी त्यांच्याकडून काय शिकावं, अशी चांगली, कौतुकाची बातमी होती. मी जो फोटो लावला त्यात बाईंचं तोंड मोठं उघडलेलं, हात वर, मागं एक गणवेशातला माणूस. फोटो बघून रात्रपाळीच्या माणसानं मथळाच बदलला. "पोलादी मुठीनं कोरोनाला आवर" असं काहीतरी केलं. लोकांनी खाली लिहिलं, की यांना दंडुक्याचीच भाषा कळते. बातमी खूप वाचली गेली.

चार दिवसांनी एस्तर नावाच्या बाईंचं पत्र आलं. त्या त्याच देशातल्या, इथं अ‍ॅमस्टरडॅममध्ये म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन सेवा करणाऱ्या नर्स. त्यांनी लिहिलं होतं, "हा फोटो दफनाच्या वेळचा आहे. कोरोनानं गेलेली नर्स माझ्याबरोबर शिकलेली होती. मंत्रीबाई तिच्या शवपेटीशेजारी उभं राहून प्रार्थनेचं गाणं म्हणत होत्या, आणि मागचा गणवेशवाला बँडमधला होता. पेटी कुठं गेली?"

पेटी मी कापली होती, आई. खालचा अर्धा फोटो कापला की चेहरा मोठा दिसतो. चेहरा मोठा दिसला की लोक थांबतात.

मीटिंग झाली. आमच्या मुख्य बाई माराइके यांनी विचारलं, हा फोटो आला कसा? मी म्हणाले, "फोटो खरा आहे. सॉफ्टवेअरनं निवडला. साठ्यातच तसले फोटो जास्त आहेत, म्हणून ते तसं शिकलंय." पडद्यावरच्या सगळ्यांचे खांदे एकदम सैल झाले. माणसाची चूक नाही म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही? कंपनीनं माफी छापली, स्वयंचलित यंत्रणेचा दोष म्हणून. मग ती यंत्रणा सुधारायला एक छोटा गट केला आणि त्याची प्रमुख मला केलं. मी त्यांच्यातली एकटीच सावळी. शोभले. फेब्रुवारीत नोकरी कायम झाली. तेव्हा मी तुला फोन केला, तू पेढे वाटलेस, आणि सत्काराचं तिथून सुरू झालं.

आता जे लिहायला गेले दोन रविवार बसले आणि फाडून टाकलं, ते लिहिते. सॉफ्टवेअरनं त्या दिवशी तीन फोटो सुचवले होते. पहिल्या नंबरवर बाई पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या होत्या. छान फोटो होता. दफनाचा फोटो तिसरा होता, आणि खाली इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं, नर्सच्या दफनविधीत गाताना. मी ते वाचलं होतं. वाचून तिसरा उचलला आणि कापला. कुणी काय निवडलं याची नोंद राहते, तिथं माझंच नाव आहे. पण ती नोंद तपासणारीही मीच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर संन्याशाला तोंडच नव्हतं.

पेपरमधलं तुझं ते कात्रण मला लहानपणापासून पाठ आहे. नगरपालिकेत निवडून आलेली आपल्या वस्तीतली पहिली बाई तू. टँकर आला तेव्हा नऊ महिने भरलेली मधूची आई मागं उभी होती, तिची घागर पुढं घ्या म्हणून तू हात वर करून ओरडलीस. छापून काय आलं? "नगरसेविकेचा पाण्यावरून राडा". त्याच पानावर नगराध्यक्ष खुर्चीत बसून सही करत होते. तू मला हाताला धरून पेपरच्या ऑफिसात नेलंस. तो संपादक म्हणाला, "बाई, फोटो खरा आहे." तू म्हणालीस, "तोंड माझंच हाय. पर कशापायी उघडलं ते कुठं छापलंस?" त्यानंतर शाळेत मला राडाबाईची पोरगी म्हणायचे. पुढच्या वेळी तू सव्वीस मतांनी पडलीस.

त्या संपादकाचं वाक्य मी मीटिंगमध्ये जसंच्या तसं म्हटलं. फोटो खरा आहे. म्हणताना मला ते ओळखीचं वाटलंसुद्धा, पण मी बोलत राहिले.

गटाची प्रमुख म्हणून एस्तरबाईंना फोन करायचं काम परवा शुक्रवारी माझ्याकडं आलं. त्यांनी दुसरं पत्र पाठवलं होतं, की यंत्रणेशी मला बोलता येत नाही, माणूस असेल तर द्या. मी त्यांना खरं सांगितलं. फोटो मी निवडला, मीच कापला. मग मी घाईघाईनं तुझी गोष्ट सांगायला लागले. माझी आईसुद्धा अशीच पुढारी होती, तिचाही असाच फोटो छापला होता, मला तुमचं दुःख समजतं. आई, मी तुला पुढं केलं, त्यांनी मला माफ करावं म्हणून.

त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "तुमच्या आईला माहीत आहे का, तुम्ही काय केलंत ते?"

मी नाही म्हणाले.

"मग माझ्याकडं माफी कसली मागता? आधी तिला सांगा." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी काल दिवसभर बिछान्यात पडून होते. लोकेशला सांगितलं. तो भाकरीचं पीठ मळायला लागला आणि म्हणाला, "मैत्रीची शाळा तिकडं बघावी लागेल कदाचित. बघू." एवढंच. त्यानं ओरडायला हवं होतं.

आज सकाळी माराइकेंना सगळं लिहून पाठवलं, नोंदीसकट. उद्या नऊला मीटिंग आहे. काय होईल माहीत नाही. नोकरी गेली तर दुसरी शोधायला तीन महिने मिळतात. मिळाली नाही तर आम्ही परत येऊ. आधी मला त्याची भीती वाटायची, आता ती तेवढी वाटत नाही. भीती वाटते ती तुझी. तू हे वाचून फोन करशील आणि नेहमीसारखं म्हणशील, "जाऊ दे पोरी, चूक माणसाकडूनच होते." तसं म्हणू नकोस. त्या संपादकाला तू जाऊ दिलं नव्हतंस.

सत्कार रद्द करायला सांगणार होते. पण रद्द केला तर तू बायांना काहीतरी कारण सांगशील, मला झाकशील, आणि हे पुन्हा कापलंच जाईल. म्हणून कार्यक्रम होऊ दे. माझ्या नावाची वेळ आली की हार-तुरे नकोत, हे पत्र वाच. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, काहीही न गाळता. मंडळातल्या कुणाला काही विचारायचं असेल तर विचारू दे. मी कॅमेरा चालू ठेवून समोर बसलेली असेन, आणि तुम्ही सगळ्याजणी बंद करा म्हणेपर्यंत तो बंद करणार नाही.

तू ज्याच्याशी भांडलीस त्याच्याच खुर्चीत जाऊन बसलेली,
तुझी
समता